नवव्या पानाचा कोपरा

कोर्टाच्या खिडकीआड बसलेल्या बाईला तुम्ही कधी ‘सरकारची बाहुली’ म्हणालात का? मी म्हणाले. तेही मिस आर्लेटा ब्रिग्जना (आमच्याकडे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बायकांनाही ‘मिस’च म्हणतात), माझ्या आईच्या वयाच्या बाईला.

अलाबामातल्या आमच्या गावात पोस्टाच्या माडीवर केंद्राचं कोर्ट भरतं. नऊ काउंट्यांचे, म्हणजे जिल्ह्यांचे, खटले तिथे येतात. जज तहहयात नेमलेला, आणि दाव्यांच्या खिडकीवर एकतीस वर्षं मिस आर्लेटा. शिक्का मारायचा, नंबर द्यायचा. सल्ला दिला तर नोकरी जाणार. रविवारी चर्चमध्ये सगळ्यात मोठी टोपी त्यांचीच.

मला मोर्च्यातून उचलून शेरीफनं, म्हणजे आमच्या काउंटीच्या पोलीसप्रमुखानं, तुरुंगात टाकलं आणि दोन दिवस इन्सुलिन दिलं नाही. पायाची जखम चिघळली आणि डाव्या पायाची तीन बोटं गेली. गावच्या कोर्टात सगळे शेरीफच्या ओळखीचे, म्हणून मी माडी चढले. वकील केला नाही. कायदा मी वाचनालयात बसून शिकले होते. दावा करायची दोन वर्षांची मुदत संपायला अकरा दिवस उरले होते.

मिस आर्लेटांनी दाव्यावर शिक्का मारला.

“आता पुढे काय?” मी विचारलं.

“ते मला सांगता येत नाही, बाळा. ही नियमांची पुस्तिका घे. नववं पान फार सुबक छापलंय बघ.”

“छपाई बघायला आले नाही मी. साधं खरं बोलायला इतकं घाबरता? सरकारची बाहुली नुसती.”

रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. त्यांनी चष्मा पुसला. “बाहुलीनं दिली म्हणून तरी घे.”

पुस्तिका पिशवीत कोंबली आणि दुपारीच समन्स स्वतः नेऊन शेरीफच्या टेबलावर आपटलं. काय ऐट होती माझी.

चार महिन्यांनी त्याच्या वकिलानं कोर्टाला लिहून दिलं: समन्सचे कागद वादीनं स्वतः द्यायचे नसतात, तिऱ्हाइतानं द्यायचे, तेही नव्वद दिवसांत. जजनं दावा काढून टाकला. नव्यानं करायची मुदत तर कधीच सरली होती. नऊ काउंट्यांतून ज्युरी बसलीच नाही. शेरीफला शपथेवर एक प्रश्नही कुणी विचारला नाही.

मग पुस्तिका उघडली. नवव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता, नखानं दाबून पक्का केलेला, आणि पानावर तोच नियम छापलेला: समन्स स्वतः द्यायचं नाही.

माफी मागायला माझा ताठा आडवा आला. दोन वर्षं चर्चमध्ये त्यांच्या मागच्याच बाकावर बसले, त्या टोपीकडे बघत. मार्चमध्ये त्या गेल्या. दफनानंतर जेवताना त्यांची मुलगी म्हणाली, “आई रोज सकाळी त्या पुस्तिकांचे कोपरे दुमडायची. म्हणायची, तोंड बंद ठेवायला सांगितलंय, हात नाही.”

ताटातलं चिकन तसंच राहिलं.

कधी ती माडी चढलात आणि खिडकीतून पुस्तिका मिळाली, तर तिथेच उभे राहा आणि दुमडलेलं पान आधी वाचा.