भुंकण्याचा खाऊ

कुत्र्यांना वळण लावणाऱ्या बाईला सगळे टिकटिकबाई म्हणत. तिच्या मुठीत कायम एक टिकटिकी असे. कुत्रा शहाण्यासारखा वागला की टिक, आणि टिक झाली की खाऊ. ज्या वागण्याला खाऊ मिळतो ते वागणं वाढतं, एवढं एकच शास्त्र तिनं वीस वर्षं शिकवलं. नवऱ्यावरही प्रयोग झाला होता. तो भांडी घासायला लागला, पण टिक ऐकल्याशिवाय दुसरं ताट उचलेना!

एक तांबडा कुत्रा मात्र तिची अब्रू घालवायला निघाला. एका भाड्याच्या घरात, आजोबांच्या खोलीत बसून दिवसभर कोकलायचा. घरमालकानं बजावलं होतं, महिनाअखेर कुत्रा गप्प झाला पाहिजे, नाहीतर घराबाहेर. आणि बाईसमोर हा लबाड अगदी गुणाचा पुतळा!

"मला वेड्यात काढतोस होय रे, मेल्या!" एक दिवस तिनं निरोप घेतला, जिन्यात चपला काढल्या आणि हळूच परत येऊन दाराच्या फटीला डोळा लावला.

आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बारीक आवाजात स्वतःच "भू" केलं. कुत्रा भुंकला. त्याला बिस्किट मिळालं. तोवर स्वयंपाकघरातून सून धावली, कामाच्या टेबलावरून मुलगा धावला. "काय झालं, बाबा?" कुणी उशी सारखी केली, कुणी पाणी दिलं. आजोबांचा चेहरा असा काही खुलला की विचारू नका.

बाईनं कपाळावर हात मारला. खाऊ दोघांना मिळत होता! म्हाताऱ्याची चोरी उघडी करणं तिच्या जिवावर आलं.

"भुंकला की कुणी फिरकायचं नाही," तिनं मुलासुनेला सांगितलं. "गप्प असला की आत जाऊन गप्पा मारायच्या."

"कुत्र्याशी?" मुलगा म्हणाला.

"बाबांशी हो! कुत्रा ऐकेल."

पहिले दोन दिवस कुत्रा दुप्पट कोकलला. बाईनं तेही आधीच सांगून ठेवलं होतं. कुणी हललं नाही. मग शांतता झाली की सून भाजी निवडायला तिथंच बसू लागली, आणि आजोबा बिस्किट द्यायचंच विसरले.

महिनाअखेर घरमालक अर्धा तास कान देऊन बसले. हूं नाही की चूं नाही. ते समाधानानं गेले.

आजोबांनी मुलाची बाही धरली. "कुत्रा सुधारला. मग उद्यापासून तुमचं येणं बंद का रे?"

मुलगा उठला, आणि बाहेरचं कामाचं टेबल ओढत आत आणायला लागला.