पाठीवरची हाक

मानेवर बॉबिन बसली. लोखंडी, दोऱ्याने भरलेली. कानामागच्या हाडावर. आवाज झाला असेल तर तो मला माहीत नाही, कळ माहीत आहे. डोळ्यांत टचकन पाणी आलं. वळून बघितलं तर मास्तर दोन मशीन पलीकडे उभा, हाताने खुणावत होता, इकडे ये. त्याला मला हाक मारायची होती.

मी बहिरी आहे. तिसरीत असताना ताप डोक्यात गेला आणि कान घेऊन गेला. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात मी खिसे शिवायचे. बाकीच्या बायकांना नावं होती. मला बॉबिन. कधी चिंधीचा बोळा, कधी खडू, कधी रिकामं रीळ. मास्तरचा नेम चांगला. लागला की बायका हसायच्या, चुकला तरी हसायच्या.

मला राग यायचा नाही. खरं सांगते. वाटायचं, बहिऱ्या माणसाला बोलवायचं तर दुसरं काय करणार बिचारे? काम मिळालं हेच खूप.

काम अंबरनाथच्या एका संस्थेतल्या मॅडमनी मिळवून दिलं होतं. अपंगांना नोकरीला लावायचं आणि ती टिकते का ते बघत राहायचं, हेच त्यांचं काम. त्याआधी मी एकटी खूप हिंडले. "ऐकू येत नाही? मग कसं जमणार?" हे वाक्य मला कुणाच्याही ओठांवर वाचता यायला लागलं होतं. मॅडम शेठच्या केबिनमध्ये माझ्या वतीने बोलल्या. मी मागे उभी. मला दिसत होती त्यांची पाठ आणि शेठची हलणारी मान. दुसऱ्या दिवसापासून मी मशीनवर. आई बदलापूरभर सांगत फिरली, "आमची बाय कामाला लागली." मॅडमच्या पायाच पडली ती.

ओठ वाचते म्हणजे सगळं कळतं असं नाही हो. मराठी कळतं, तेही समोर उभं राहून सावकाश बोललं तर. मास्तर हिंदीत बोलणार, शेठ फोनवर सिंधीत. त्यात गुटखा. गुटख्याने भरलेलं तोंड म्हणजे माझ्यासाठी शटर पाडलेलं दुकान.

जेवणाची सुट्टी सगळ्यात वाईट. गोल करून बसायचो. कुणीतरी काहीतरी बोलायचं आणि सगळ्या हसून लोटपोट. मीही हसायचे. कशाला हसतेय ते माहीत नसताना हसायचं, याच्याइतकं एकटं दुसरं काही नाही. शेजारी मंगल बसायची. तिला कोपराने ढोसायचे, काय झालं? ती हात हलवायची, "नंतर सांगते." ते नंतर कधी आलंच नाही. घरीही तेच. आई, भाऊ, वहिनी रंगात येऊन बोलत असतात. काय गं? "काही नाही, नंतर."

मला बोलता येतं. पण कारखान्यात बोलणं सोडलं होतं. एकदा पाणी मागितलं, तर एकीने नाक दाबून, तोंड वाकडं करून माझी नक्कल केली. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं, माझा आवाज कसा येत असेल ते. त्यानंतर तहान लागली की मीच उठायचे.

एका दुपारी मॅडम आल्या. सोबत दोन पाहुणे, एक साहेब आणि एक बाई. संस्थेला मदत देणारे. शेठ पुढे पुढे करत होता. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, गोड हसल्या आणि कामाला बसायची खूण केली. मी मशीनकडे तोंड केलं.

पाठीवर मऊ काहीतरी आपटलं. सवयीने वळले.

मॅडमचा हात अजून वरच होता. माझ्या पायाशी चिंधीचा बोळा. त्या पाहुण्यांना सांगत होत्या, आणि या वेळी त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. "बघा, लगेच वळते. ही युक्ती मीच शिकवलीय शेठना."

पाहुण्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

म्हणजे त्या दिवशी केबिनमध्ये, माझ्याकडे पाठ करून, माझ्या वतीने हे बोलल्या होत्या! आणि मी घरी सांगत होते, मॅडम म्हणजे देवमाणूस. मला एकदा विचारलं असतं, तुला कसं बोलवू? मी सांगितलं असतं. जवळ या. खांद्याला हात लावा. एवढंच तर होतं.

साहेबांनी वाकून बोळा उचलला. "मी करून बघू?"

मॅडमनी बोट फिरवलं. वळ, काम कर.

मी वळले. पाठ त्यांच्याकडे, खिसा सुईखाली. आता येणार हे माहीत होतं. हॉलभर माणसं होती, आणि माझं असं एकही नव्हतं. बोळा आला. खांद्याला लागून खाली पडला. मी शिवत राहिले. पुन्हा आला. शिवत राहिले. मग बॉबिन आली. ही मास्तरची, ओळखीची. बरोबर कण्यावर. मी दात आवळले, पण शिवण वाकडी जाऊ दिली नाही.

शेवटी मास्तर चालत समोर आला. लालबुंद. काय काय बडबडला कोण जाणे. मी मशीन बंद केलं, उभी राहिले आणि मॅडमकडे बघून बोलले. माझ्या त्याच आवाजात.

"मी कुत्रं नाही. काम असेल तर समोर या. तोंड दाखवून बोला."

किती मोठ्याने बोलले मला माहीत नाही. पायाखालची थरथर थांबली. सगळ्यांनी मशीनं बंद केली होती.

मॅडम पाहुण्यांना घाईघाईने बाहेर घेऊन गेल्या. परत आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. एवढं नीट त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. "तुझ्यासाठी मी शब्द टाकला होता. आता पुढच्या मुलींना कोण घेणार?"

घ्या. म्हणजे ते ओझंही माझ्याच डोक्यावर.

"पुढच्या मुलीला आधी विचारा, मॅडम," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरने मला मशीनवरून उठवलं. आता जमिनीवर बसून शिवलेल्या पँटींचे धागे कापते. मंगल डबा घेऊन दुसरीकडे बसते. आई म्हणाली, "बाय, चिंधीच फेकली ना? गप राहायचं." मी केस बाजूला करून तिला मानेवरची गाठ दाखवली. तिने त्यावर हात ठेवला, बराच वेळ. मग म्हणाली, "तरी माफी मागून टाक."

नाही मागणार. मशीन मागणार आहे. शेठसमोर उभी राहून, स्वतःच्या तोंडाने, कुणाला सोबत न नेता. हसले तर हसू देत. नाही दिलं तर इथे गल्लीगल्लीत कारखाने आहेत. तिथे दारातच सांगेन, मला ऐकू येत नाही, मला खिसे शिवता येतात, आणि मला बोलवायचं असेल तर जागेवरून उठावं लागेल. त्यासाठी पुन्हा दारोदार फिरावं लागलं तर फिरेन. पण फेकलेल्या वस्तूला यापुढे मी ओ देणार नाही.