खालचा माणूस

कोर्बिनियनला एका जागी स्वस्थ बसणं कधी जमलं नाही. शाळेत बाकाखाली त्याचे पाय हलत, जेवताना हलत, रविवारी चर्चमध्येही हलत. त्याचा जोडीदार लोरेन्त्स म्हणायचा, "याच्या पायाखाली शिलाई मशीन ठेवा. अख्ख्या बेर्श्टेसगाडेन गावाचे कपडे शिवून होतील."

आणि अशा माणसाच्या वाट्याला काम आलं ते पडून राहण्याचं. ल्यूजच्या जोडीच्या शर्यतीत दोघं जण एकाच छोट्या घसरगाडीवर, एकावर एक, उताणे झोपतात आणि बर्फाच्या वळणावळणांच्या घळीतून ताशी सव्वाशेच्या वेगानं खाली येतात. थोराड असेल तो वर, अंगानं लहान असेल तो खाली. वरच्याला रस्ता दिसतो. खालच्याला दिसते वरच्याच्या हेल्मेटची मागची बाजू आणि कडेनं आभाळाची एक चिंधी. कोर्बिनियन नवव्या वर्षी या खेळात आला, चौदाव्या वर्षी लोरेन्त्सखाली झोपला, आणि पंचवीस वर्षांचा झाला तरी खालीच होता. गावात कुणी विचारलं, की ट्रॅक कसा आहे रे, तर सांगायचा, "लोरेन्त्सला विचारा. मी कधी पाहिलेला नाही."

हे अर्थात खोटं होतं. त्याला सगळा ट्रॅक अंगानं पाठ होता. कुठल्या वळणावर छातीवरचा भार दुप्पट होतो, कुठे पोटात खड्डा पडतो, सगळं. लोरेन्त्स पायांनी गाडी वळवायचा, आणि वळायच्या क्षणी त्याचा उजवा किंवा डावा खांदा कोर्बिनियनच्या छातीत रुतायचा. तो रुतला, की कोर्बिनियननं आपला त्याच बाजूचा खांदा गाडीत दाबायचा. अकरा वर्षांत दोघांमध्ये याहून वेगळी भाषा अशी नव्हती. घरी गप्पा मारायचे ते फुटबॉलच्या आणि लोरेन्त्सच्या बहिणीच्या होणाऱ्या नवऱ्याच्या.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात ही भाषा बिघडली. निदान कोर्बिनियनला तसं वाटलं. खालच्या भागात एक मोठं वळण आहे, जवळजवळ पूर्ण गोल फिरवणारं. सगळे त्याला क्रायझल म्हणतात. तिथून बाहेर पडताना लोरेन्त्सचा खांदा उशिरा यायला लागला. किंचित, पापणी लवायच्या आत संपणारा उशीर. पण बाहेर पडताना गाडी भिंतीला घासून जायची आणि वेळ वाया जायचा. लोरेन्त्सची नजर अधू झाली की काय? की तो भ्यायला लागला? हे विचारायचं कसं? कोर्बिनियन दिवसभर घरात येरझारा घालायचा. शेवटी आईनं त्याला जिन्यातला बर्फ खरवडायला लावलं. जिना संपला, तेव्हा तो शेजाऱ्यांचाही खरवडून आला.

त्यातून येत्या शनिवारी निवड शर्यत होती. देशाच्या संघात दोन जोड्या नक्की होत्या, तिसरी जागा एकच. ती हुकली तर ट्रेनर जोडी मोडून लोरेन्त्सखाली कुणी नवा पोरगा झोपवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मंगळवारी कोर्बिनियनला राहवलं नाही. तो ट्रेनरच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "क्रायझलमध्ये लोरेन्त्स उशीर करतोय."

ट्रेनरनं कॉफीचा कप खाली ठेवला. "त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मला आधी सांगितलंस." ट्रेनरनं कप पुन्हा उचलला. "बरं. शनिवारी बघू, आणि मग कोण कुणाबरोबर ते ठरवू."

बाहेर आल्यावर कोर्बिनियनला कळलं, की आपण स्वतःच्या हातानं आपली जोडी पणाला लावून आलो.

सप्टेंबरपासून म्युनिकच्या विद्यापीठातून नंदिनी नावाची पुण्याची मुलगी ट्रॅकवर येत होती. ती गाडीवरच्या दाबांवर पीएचडी करत होती. तिनं दोघांच्या खांद्यांखाली पापडाएवढ्या पातळ पट्ट्या बसवल्या होत्या आणि प्रत्येक फेरीनंतर लॅपटॉपवर रेघा काढायची. गुरुवारी दुपारी कोर्बिनियन तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. लॅपटॉप अडकला होता. तिला ओठातल्या ओठात पुटपुटायची सवय; ती मराठीत म्हणाली, "दम धर जरा, दम धर."

"काय म्हणालीस?"

"लॅपटॉपला म्हणाले. म्हणजे, थांब, घाई करू नकोस. शब्दशः म्हणजे श्वास धरून ठेव."

"आणि तुमच्याकडे लॅपटॉप ऐकतात?"

"नवरे ऐकत नाहीत, लॅपटॉप ऐकेल?" तेवढ्यात पडदा उघडला. एक लाल रेघ, एक निळी. क्रायझलमधून बाहेर पडताना लाल रेघ आधी वर उठत होती आणि निळी तिच्यामागून.

"ही निळी उशिराची," कोर्बिनियन म्हणाला. "लोरेन्त्सची ना?"

"हो, लोरेन्त्सची."

"बघ, मी म्हणत होतो."

"अरे, पण लाल रेघ तुझी आहे. ती त्याच्या आधी येतेय. तू इशाऱ्याची वाट न पाहता दाबतोयस." तिनं सप्टेंबरमधल्या फेऱ्या उघडल्या. तिथं लाल रेघ केसभरच पुढे होती. ऑक्टोबरमध्ये थोडी जास्त. आणि निळी दर महिन्याला थोडी थोडी मागे सरत होती. "तू लवकर दाबतोस, म्हणून गाडी आधीच वळते. म्हणून तो थांबून सावरतो. तुला तो उशीर वाटतो, म्हणून तू आणखी लवकर दाबतोस."

कोर्बिनियनचे पाय थांबले. नंदिनीच्या ते लक्षातही आलं नसेल. पण त्याच्या स्वतःच्या आलं.

लोरेन्त्स वर्कशॉपमध्ये गाडीखालची पोलादी पाती घासत होता. कोर्बिनियननं दारातच सगळं सांगून टाकलं, ट्रेनरकडे गेल्याचंसुद्धा. लोरेन्त्स घासायचा थांबला नाही.

"मला ऑक्टोबरपासून माहीत आहे," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, तुला माझा भरवसा राहिला नाही. ते काय विचारायचं?" त्यानं पातं उजेडात धरून पाहिलं. "पण तू ट्रेनरकडे गेलास, ते वाईट केलंस."

"हो."

"त्या कोपऱ्यातला सँडपेपर दे. बारीक."

कोर्बिनियननं दिला.

शनिवारी ऊन होतं, बर्फ टणक. सुरुवात बरी गेली नाही; हातांनी बर्फाला रेटा देताना कोर्बिनियनचा हातमोजा एकदा सटकला. मग दोघं आडवे झाले आणि आभाळाची चिंधी धावायला लागली. क्रायझलमध्ये शिरले तसं छातीवरचं ओझं वाढलं. त्याचा खांदा आपण होऊन निघाला होता. दाब, दाब, असं अंगातलं सगळं ओरडत होतं. त्यानं श्वास धरला. धरून ठेवला. त्या एवढ्याशा वेळात त्याला पहिल्यांदा भीती वाटली, की खांदा आलाच नाही तर?

आला. उजवा खांदा, छातीत खोल. कोर्बिनियननं दाबलं. गाडी भिंतीला न शिवता बाहेर पडली.

तिसरी जागा सेकंदाच्या तीन शतांशांनी गेली, ती त्या सटकलेल्या हातमोज्यापायी. पण खालच्या भागाची वेळ त्या दिवशीची सगळ्यात चांगली होती. ट्रेनर कागद घेऊन आला, दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "जोडी हीच राहू दे." पुढे चार हिवाळे ती तशीच राहिली. ऑलिम्पिक काही त्यांना दिसलं नाही.

पण त्या शनिवारी, ट्रेनर येण्याआधी, दोघं हेल्मेट मांडीवर घेऊन बाकावर बसले होते आणि कोर्बिनियनचे गुडघे पुन्हा हलू लागले होते. लोरेन्त्सनं त्यातल्या एका गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा थांबला नाही. हात मात्र त्यानं तसाच राहू दिला.