पोकळ टिपका

अमरावतीच्या आमच्या शाळेत मुलींच्या बँडला शिकवायला राजापेठेतून एक मास्तर येत. एरवी ते लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवत. आमच्या पायांकडे बघत ते स्वतःच्या मांडीवर बोटं आपटत. "कानाले नाही, पायाले इचार," हे त्यांचं कायमचं.

मोठा ढोल माझ्याकडे. गणितात पहिली, म्हणजे संगीतही आपल्याला येतंच, अशी माझी खात्री! सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी हाती आलेल्या नव्या मार्चच्या कागदावर वर एक पोकळ टिपका होता आणि त्याच्यापुढे साठ लिहिलं होतं.

"मिनिटाले साठ पोकळ टिपके. एका टिपक्यात दोन पावलं. समजलं काय, पोरी?"

"समजलं, मास्तर," मी म्हणाले. लक्ष होतं वेणीच्या रिबिनीकडे.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी मिनिटाला साठच पावलं मोजून ढोल बडवला. मागच्या मुली एक पाय हवेत धरून डुलू लागल्या. पाहुण्यांत हशा पिकला. मास्तर कडेनं चालत दुप्पट वेगानं मांडी ठोकत होते. मला वाटलं, घाबरले बिचारे.

संचलन संपताच मोठ्या बाई तणतणत आल्या. "ढोल कोणाचा चुकला? तिला आजच बँडमधून काढते."

मी ढोलाच्या मागे सरकले.

"पोरीचं काई नाही, बाई. मीच तिले हळू वाजव म्हणून सांगतलं," मास्तर म्हणाले.

"मग तुम्ही उद्यापासून येऊ नका."

मास्तरांनी टोपी नीट केली आणि ते निघाले. ते फाटकापर्यंत पोचेस्तोवर खरं बोलायला मला पुष्कळ वेळ होता. मी ढोलाच्या दोऱ्या आवळत राहिले.