हात आत घे

त्या दिवसाची हकीकत मी नवऱ्याला पुष्कळदा सांगितली आहे. सासूबाईंना, शेजारणींना, हवालदारांनाही. प्रत्येकाला खोटी. खरी आज पहिल्यांदाच सांगते आहे – आणि तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्हाला माझं तोंड दिसत नाही.

सुरुवात साडीपासून करावी लागेल. सांगायची लाज वाटते, पण सुरुवात तिथेच आहे.

मे महिना होता. नणंदेच्या मुलाचा खोपोलीला साखरपुडा. नवरा मोहोपाड्याला कारखान्यात, तो ड्यूटीवरून परस्पर येणार होता. म्हणून मी दहिवलीहून एकटीच निघाले आणि कर्जतला बस पकडली. अंगावर पिस्ता रंगाची रेशमी साडी, पहिल्यांदाच नेसलेली. खिडकीची जागा मिळाली. शेजारी वाडीवरची एक मुलगी येऊन बसली – मुलगी म्हणजे लग्न झालेली, पंचविशीची असेल. तिचं नाव सुनीता, ते मला नंतर कळलं. बाजारात करवंदं विकून घरी चालली होती. रिकामी पाटी मांडीवर. घामाचा वास येत होता. मी सरकून बसले. तिला कळेल असं सरकून बसले – हेही सांगूनच टाकते.

पळसदरी मागे पडली आणि तिला मळमळायला लागलं. उपाशी असेल. वर ते ऊन, तो डिझेलचा वास. पदर तोंडाला लावून म्हणाली, "मावशी, जरा खिडकीत बसू द्या ना, वकायला व्हतंय."

मी चटकन उठले आणि जागा बदलली. पुढच्या सीटवरची बाई वळून म्हणाली, "चांगलं केलंत हो." चांगलं? मला माझ्या साडीची काळजी होती. दुसरं काहीही नव्हतं.

पहिली उलटी अर्धी बाहेर पडली, अर्धी तिच्या हातावर. एक थेंब माझ्या निऱ्यांवर उडाला – की उडालाच नाही? घरी आल्यावर मी शोधला. डाग कुठेच नव्हता. पण त्या क्षणी मला अशी शिसारी आली, की मी तिच्यावर खेकसले, "तोंड बाहेर काढ! पार बाहेर! आणि तो हात माझ्या अंगाला लावू नको." तिने ऐकलं. निमूट ऐकलं. मी तिच्या पाठीला बोटं लावून तिला आणखी पुढे लोटलं. बोटं – तळहात नाही. तळहात टेकवायचीही मला किळस वाटली.

मग तिचं थांबलं. तिने डोकं आत घेतलं, पदराने तोंड पुसलं. उजवा हात अजून खिडकीबाहेर होता, बरबटलेला. तोही ती आत घेत होती. आणि मी – इथेच माझी जीभ दर वेळी खोटं बोलते – मी म्हणाले, "आत नको आणूस! बाहेरच झटक, नीट झटक आधी."

ती झटकत होती. वळणावर समोरून टेंपो आला आणि बसला घासून गेला.

तिची किंकाळी मी सांगणार नाही. कोपराखाली हात हाताच्या आकाराचा राहिला नव्हता, एवढंच सांगते. कंडक्टर धावत आला, स्वतःचा टॉवेल फाडून त्याने दंडाला आवळून बांधला. "कुणीतरी हात वर धरा!" असं ओरडला. मी अगदी शेजारी होते. हात धरला तो मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्याने. मी काय करत होते? निऱ्या गोळा करून बाजूला उभी होते.

मागून आलेली एक गाडी थांबवून परत कर्जतकडे वळवली. बाईमाणूस सोबत हवं म्हणून कंडक्टरने मलाच बसवलं, तोही आला. कर्जतच्या दवाखान्यात रक्त थांबवलं, सलाइन लावलं. ती पाणी मागत होती. ऑपरेशन करावं लागणार म्हणून नर्सने नुसता ओला कापूस तिच्या ओठांना लावला. डॉक्टर म्हणाले, पनवेलला न्यायला लागेल, हात राहील असं वाटत नाही. आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कसं झालं हे?"

"हात बाहेर काढून बसली होती," मी म्हणाले. "मी किती सांगितलं, हात आत घे, हात आत घे. ऐकलंच नाही."

कोणी मला दरडावलं नव्हतं. कोणाचा संशयही नव्हता. शब्द आपोआप आले, गुळगुळीत, जणू आधीपासून तोंडात तयार होते. सुनीता शुद्धीत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. ती बोलली नाही. कंडक्टरने मान हलवली – "सांगून ऐकत नाहीत, ताई. तुम्ही तरी काय करणार?" मग हवालदार आले. त्यांनाही मी तेच सांगितलं.

तिचा हात कोपराच्या वरून काढला. हे मला उडत उडत कळलं. मी तिला भेटायला गेले नाही.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात मी कर्जतच्या बाजारात भाजी घेत होते, तर रस्त्याकडेने हाक आली, "मावशी! वळखलं का?" सुनीता. पुढ्यात काकड्यांचा ढीग, उजवी बाही रिकामी. मी पळाले असते, पण ती शेजारच्या बाईला सांगत होती, "याच त्या मावशी गं. हात आत घे, आत घे म्हनत व्हत्या. मीच नाय ऐकलं. माझा नवरा अजून बोलतो, तुला सांगत व्हत्या ना, मग?"

मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. राग शोधला. नव्हता. तिला खरंच तसं आठवत होतं. बेशुद्ध होण्याआधी तिने माझ्या तोंडून जे ऐकलं, तेच तिच्यापाशी राहिलं होतं.

आता तरी मी काही बोलायला हवं होतं, नाही का? भर दुपार होती, समोर ती होती, घाई कसलीच नव्हती. मी बोललेही.

"ऐकायला हवं होतंस गं," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. मी घेतलेल्या काकड्यांवर तिने एक जास्तीची घातली आणि पिशवीची गाठ दातांनी ओढून आवळली. ती पिशवी मी घेतली.