नाव शेवटी

नाशिकरोडच्या फलाटावर गाडी सुटायच्या बेतात होती आणि आई खिडकीतून अजून एक डबा आत सारत होती. "तिकडे कांदा मिळतो ना गं?" हे ती तिसऱ्यांदा विचारत होती. आमच्याकडे लासलगावचा कांदा पोत्यानं यायचा, तेव्हा बिनकांद्याच्या मुलखात लेक दिली की काय, या काळजीनं तिला रात्रभर झोप नव्हती. दादा, म्हणजे माझे वडील, जरा मागे उभे होते. गार्डानं शिट्टी दिली तसे ते पुढे आले. मला वाटलं, आता डोक्यावर हात ठेवतील आणि आम्ही दोघंही रडू. ते म्हणाले, "तिकडे कुणाचं काही वाचलंस, तर नाव शेवटी बघ."

माझ्या शेजारी बसलेल्या नव्या नवऱ्याला यातलं काही कळलं नाही. मला कळलं, आणि रडता रडता असं हसू फुटलं की समोरच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. सासरी निघालेली मुलगी हसते म्हणजे काय.

नाशकात राहिलेल्या माझ्या मैत्रिणी पत्रातून विचारतात, "एवढ्या लांब बंगळूरला तू रमलीस तरी कशी?" माझ्यासारख्याच इकडे आलेल्या बायका विचारतात, "तुला घरची आठवण येत नाही का?" सगळ्यांना एकच गोष्ट सांगते.

दादा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. बंगळूरहून निघणाऱ्या एका शास्त्रीय त्रैमासिकाचे संपादक त्यांच्याकडे लेख तपासायला पाठवत. लेख छापण्याआधी त्या विषयातल्या जाणत्याचं मत घ्यायचं आणि मत कुणाचं हे लेखकाला कळू द्यायचं नाही, अशी त्यांची रीत. दादा स्वतःला रेफरी म्हणवत. आई विचारायची, "मग शिट्टी कुठाय?" मॅट्रिकनंतर मी घरीच होते आणि दादांची नजर अधू झाली होती, म्हणून दुपारी माडीवर नदीकडच्या खिडकीत बसून मी त्यांना इंग्रजी लेख वाचून दाखवी. त्यांची एक अट होती. लेखकाचं नाव आणि गाव वाचायचं नाही. लेख संपला की ते डोळे मिटून बसत, मत सांगत, आणि मग म्हणत, "हं, आता नाव." नाव आधी कळलं की आपण माणूस वाचतो, लेख वाचत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांनी एका लेखाची सालटं काढली आणि तो त्यांच्याच गुरुजींचा निघाला. दादा दिवसभर जेवले नाहीत, पण मत बदललं नाही.

त्या वर्षी एक लेख आला द्राक्षवेलींवरच्या भुरीवर. पानांवर पिठासारखा पांढरा थर धरतो, तो रोग. आमच्या ओझर-पिंपळगावकडच्या बागा याच रोगानं हैराण, त्यामुळे दादा सावरून बसले. लेखकानं नवं औषध फवारून वेल स्वच्छ राहिल्याचं लिहिलं होतं. लेख फार सुरेख होता. कुठे फुशारकी नाही, साधी वाक्यं. एके ठिकाणी तर 'हे मला अजून कळलेलं नाही' असं सरळ लिहिलं होतं. वाचता वाचता मला तो माणूस आवडायला लागला, हे आता सांगायला हरकत नाही.

दादा डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "औषध न मारलेले वेल कुठायत? चार ओळी तशाच ठेवून त्यांना भुरी आली असती, तर औषधाचा गुण म्हणता आला असता. या वर्षी हवाच कोरडी असेल तर? असा छापला तर लोक हसतील त्याला. हं, आता नाव."

मी पहिलं पान उलटलं आणि ते नाव आधी मनातच दोनदा वाचलं. त्या नावाची पत्रिका आठ दिवसांपासून आमच्या देवघरात होती. पुण्याचं स्थळ, मुलगा बंगळूरला नोकरीला, दिवाळीत मुलगी पाहायला येणार. नाव मीही तुम्हाला शेवटीच सांगेन.

दादांना ते कळलं तसे ते उठून येरझाऱ्या घालू लागले. खाली आईला सुगावा लागायला वेळ लागला नाही. ती म्हणाली, "एवढंच ना? चांगलंय म्हणून कळवून टाका. घरचाच होणार आहे."

"म्हणूनच कळवता येत नाही," दादा म्हणाले.

"मग वाईट आहे म्हणून कळवणार? मुलीचं कल्याणच झालं म्हणायचं."

दादांनी दोन्ही केलं नाही. या मुलाचं स्थळ माझ्या मुलीला आलं आहे, तेव्हा माझं मत घेऊ नये, लेख दुसऱ्याकडे पाठवावा, एवढंच त्यांनी संपादकांना लिहिलं. आईनं कपाळाला हात लावला. अजून पाहण्याचा कार्यक्रम व्हायचा होता आणि ह्यांनी परमुलखातल्या साहेबाला लेकीचं लग्न कळवलं होतं. पुढचं तर आणखी अवघड होतं. लेखातली खोट आम्हा दोघांना ठाऊक होती आणि मुलाला ती सांगायची नव्हती. संपादकांनी विश्वासानं पाठवलेला लेख, त्याचा उपयोग सोयरिकीसाठी करायचा नाही. "तूही बोलायचं नाहीस," दादांनी मला बजावलं. दुसऱ्या परीक्षकाच्या नजरेतून ती खोट सुटली, तर त्या साध्या वाक्यांच्या माणसाचं हसं होणार, आणि आम्ही नुसते बघत बसणार.

दिवाळीत तो आला, सोबत त्याचे काका. मी पोहे घेऊन गेले. काकांनी मला स्वयंपाक, शिवण, गाणं असे ठरलेले प्रश्न विचारले. मग दादा नको नको म्हणत असताना काकांनीच पुतण्याच्या संशोधनाचा विषय काढला. तो खुलून बोलायला लागला. बागेत औषध फवारताना काय काय फजिती झाली ते सांगता सांगता म्हणाला, "एका कोपऱ्यात आमच्या पंपाची नळीच पोहोचेना. तिथले वेल तसेच राहिले. बाकीची बाग हिरवीगार आणि तो कोपरा भुरीनं पार पांढरा. मळ्याचा मालक रोज मला तो दाखवून चिडवायचा. मी सवयीनं त्याही पानांची टिपणं ठेवली, पण कामाची कसली ती."

दादांना एकदम ठसका लागला. पोहे नाकात गेले. मी पाण्याचा गडवा पुढे केला आणि आमची नजरानजर झाली. लेखात जे नव्हतं ते याच्याजवळ होतं, आणि याला ते वाया गेलेलं काम वाटत होतं.

"मिरची लागली," दादा कसेबसे म्हणाले. आतून आईचा आवाज आला, "मी मिरची घातलेलीच नाही हो."

मी दारात उभी राहून ओठ चावत होते. एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. बोलले नाही. त्याला वाटलं मुलगी लाजते आहे. त्यावरच होकार दिला, असं हे अजून सांगतात.

तर अशी मी बंगळूरला आले. पहिले दिवस सगळंच उफराटं वाटे. चहाच्या वेळेला कॉफी, ताटात आधी भात, नळावर कानडी. शेजारच्या आजी भेटल्या की रोज म्हणत, "ऊटा आयता?" मला वाटलं नाव विचारतात, म्हणून मी रोज नाव सांगे आणि त्या रोज हसत. जेवलीस का, असं त्या विचारत होत्या. माझं नाव, गाव, जात त्यांनी स्वतःहून विचारली ती कितीतरी दिवसांनी, तोवर त्यांचं सारू, म्हणजे तिकडची आमटी, माझ्या घरी यायला आणि माझी पिठलं-भाकरी त्यांच्या घरी जायला लागली होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा बंगळूर आपलं वाटलं.

एका संध्याकाळी हे तोंड पाडून घरी आले. लेख परत आला होता. दुसऱ्या परीक्षकानं विचारलं होतं, औषध न मारलेले वेल कुठे आहेत? मला तो परका माणूस, कोण कुठला असेल तो, देवासारखा वाटला. आता मला तोंड उघडता येत होतं.

"तो नळी न पोहोचलेला कोपरा," मी म्हणाले.

हे बघतच राहिले. "तुला कसं ठाऊक?"

"पोहे खाताना तुम्हीच नाही का सांगितलंत?"

यांनी ट्रंक उपसून टिपणं काढली. त्या रात्री भात करपला, आणि आम्ही तो मोठ्या आनंदानं खाल्ला.

आता कुणी विचारलं, तुझं घर कोणतं, तर मला नाशिक की बंगळूर असा प्रश्न पडत नाही. जिथे माणसाला आधी जेवू घालतात, त्याचं काम बघतात, आणि नाव शेवटी विचारतात, ते माझं घर. अशी माझी दोन आहेत.

लेख छापून आला तेव्हा मी माहेरपणाला निघालेच होते. त्रैमासिकाचा अंक बरोबर नेला. हेही पोहोचवायला आले होते आणि खाली आईच्या हातच्या पुरणपोळीवर आडवा हात मारत होते. दुपारी माडीवर त्याच खिडकीत मी दादांना तो लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, कोपऱ्यातल्या वेलींसकट. दादा डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "छान. कुठे बोट ठेवायला जागा नाही. हं, आता नाव."

आई तेवढ्यात विडे घेऊन वर आली होती आणि तिच्या मागे जिन्यात हे. नवऱ्याचं नाव बाईनं उखाण्याशिवाय घ्यायचं नाही, हे मला लहानपणापासून पाठ. पण दादांच्या खुर्चीसमोर मी कधी नाव लपवलं नव्हतं.

"माधव," मी म्हणाले.

"अगं बाई," आईच्या हातातलं तबक कलंडलं.

दादांनी डोळे उघडले. जिन्यातल्या जावयाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गंभीरपणे म्हणाले, "मग माझं मत धरू नका. मी सासरा आहे त्याचा."