शैलाची इंग्रजी सही

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. मुलीला सांगितलं नाही. जिला सांगायला हवं होतं ती आता राहिली नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल — पण सावकाश सांगू द्या. मला मुद्द्याच्या भोवती फिरायची सवय आहे आणि या मुद्द्याभोवती तर मी पुष्कळ दिवस फिरतो आहे.

मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. नोकरीभर मोटारींच्या ब्रेकची तपासणी केली. समोर आलेला तुकडा खराब आहे असं आधी धरायचं आणि मग तो चांगला निघाला तर निघाला — हे माझं काम होतं, आणि हळूहळू ते माझं वागणंही झालं. निवृत्तीनंतर तपासायला ब्रेक उरले नाहीत. मग मी काय तपासू लागलो? माणसं.

आमच्याकडे गाडीचं लायसन्स देणारं खातं आणि निवडणुका पाहणारं खातं एकच आहे. त्याचा प्रमुख, सेक्रेटरी ऑफ स्टेट, सगळ्या राज्यातून मतं घेऊन निवडतात. त्या वर्षी ती निवडणूक होती. एक उमेदवार म्हणत होता, टपालानं येणारी मतं कडक तपासा, सहीत जरा फरक दिसला की बाजूला काढा. दुसरी उमेदवार एक बाई होती; ती म्हणत होती, कोणाचं मत अशा कारणानं वाया जाता कामा नये. मी कोणाच्या बाजूचा होतो हे सांगायला नको. गावच्या नगरपालिकेच्या ऑफिसबाहेर टपाली मतांची पाकिटं टाकायची पेटी असते. मी दोनदा समोर गाडी लावून, कॉफी पीत, कोण किती पाकिटं टाकतं ते पाहत बसलो होतो. एका मुलीनं तीन टाकली. घरातल्यांची असतील, नाही का? मला तसं वाटलं नाही.

दिवाळीच्या जेवणात मित्राच्या बेसमेंटमध्ये मी यावर मोठं भाषण केलं. शैला — माझी बायको — खुर्चीत शाल घेऊन बसली होती. तिची केमो चालू होती, तरी हट्टानं आली होती. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो, उद्या देवानं दर्शन दिलं तर त्याचंही आयडी मागाल!" सगळे हसले. मीही हसलो. पण मला लागलं ते.

शैलानं भारतीय पासपोर्ट फार वर्षं सोडला नव्हता. मी कधीच इथला नागरिक झालो होतो. ती दर वेळी "बघू" म्हणायची. आजार कळल्यावर तिनं स्वतःहून अर्ज केला. शपथ घेऊन आली आणि म्हणाली, आता मत द्यायचं. साताऱ्याला असताना दिलं होतं, त्यानंतर या निवडणुकीत. "ज्या ऑफिसात लायसन्ससाठी आपण ताटकळत बसलो, त्याचा साहेब मी निवडायचा?" या गोष्टीचं तिला केवढं अप्रूप! तीन संध्याकाळी तिनं चष्मा पुसून पुसून माहितीपत्रकं वाचली. मुलगी मुग्धा शिकागोहून फोन करायची आणि दोघी दार लावून बोलायच्या. मला वाटायचं, पढवते आहे आईला. आजारी बाईनं लेकीशी दार लावून बोलण्यात दुसरं काही असेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

मतपत्रिका टपालानं आली. तिनं ती हातानं झाकून भरली, शाळेतल्या मुलीसारखी. पाकीट बंद केलं. वर सही करायची होती. शैला सही मराठीतच करायची — बँकेत, दवाखान्यात, लायसन्सवरसुद्धा. वर आडवी रेघ, खाली नाव. तिनं पेन टेकवलं आणि मी म्हणालो, "मराठीत नको करूस. उगाच शंका घेतील. इंग्रजीत कर."

"लायसन्सवर मराठीत आहे की."

"ते वेगळं. हे मतदान आहे."

तिनं ऐकलं. केमोमुळे बोटं बधिर झाली होती. अवघडून, एकेक अक्षर लावत तिनं इंग्रजीत सही केली. ते पाकीट मी स्वतः जाऊन पेटीत टाकलं. इथवर मी फक्त मूर्ख होतो.

मतदानाच्या चार दिवस आधी फोन आला. तो माझ्याच मोबाइलवर आला. आमच्या पिढीत बायकोच्या प्रत्येक फॉर्मवर नवऱ्याचा नंबर, नवऱ्याचा ईमेल — तो फॉर्मही मीच भरला होता. नगरपालिकेच्या क्लार्कच्या — इथे मतदानाचं काम तोच अधिकारी पाहतो — ऑफिसातली बाई होती. आधी मला वाटलं, फसवणुकीचा फोन असणार. मी ठेवून दिला, ऑफिसचा नंबर शोधून उलट फोन केला — तपासलं, बघा. तीच बाई बोलली. मिसेसची सही फाइलमधल्या सहीशी जुळत नाही, म्हणाली. फाइलमध्ये दुसऱ्या लिपीतली आहे. काळजी नको, एक फॉर्म ईमेल करते, नेहमीसारखी सही करून फोटो पाठवला तरी चालेल. मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत. फार गोड बोलली. शेवटी म्हणाली, "वी डोन्ट वॉन्ट हर टू मिस इट."

मी म्हणालो, तिला सांगतो.

फॉर्म आला. एक पान. शैला पलीकडच्या खोलीत होती, चौदा-पंधरा पावलांवर. प्रिंटर चालू होता. मी काय केलं? ईमेल बंद केला.

का? पहिल्या दिवशी स्वतःला सांगितलं, ती झोपली आहे. दुसऱ्या दिवशी सांगितलं, तिला त्रास कशाला. पण मला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "तुम्हीच सांगितलंत इंग्रजीत कर म्हणून" — आणि मुग्धाला सांगितलं असतं, आणि दोघी हसल्या असत्या. एवढंच असतं तरी बरं होतं. माझी खात्री होती की तिनं त्या उमेदवार बाईला मत दिलंय. विचारलं नव्हतं, नुसता संशय. आमच्या घरातली दोन मतं एकमेकांना खाणार होती, आणि आता माझं एकटं उरणार होतं. हा हिशेब मी केला. बायको आजारी असताना, शुद्धीत, सकाळचा चहा पिताना केला.

मतदानाच्या दिवशी मी जाऊन माझं मत देऊन आलो. "आय व्होटेड"चं स्टिकर मिळालं, ते तिला दिलं. म्हणालो, टपालानं मत देणाऱ्यांनाही देतात. तिनं ते गोळ्यांच्या डबीवर चिकटवलं. आठ वाजले तेव्हा मी तिच्या पलंगाशी बसून सफरचंद चिरत होतो. घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजून गेले.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. ती बाई निवडून आली होती. शैलानं मुग्धाला फोन लावला, स्पीकरवर. "मम्मा, यू डिड इट!" मुग्धा ओरडली. शैला मोठ्यानं हसली, मग खोकली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या नाकावर टिच्चून हो! त्यात माझं एक आहे."

मी म्हणालो, "आहे ना."

जानेवारीत ती गेली. भेटायला आलेल्या बायकांना मुग्धा रडत सांगत होती, आईनं जाता जाता व्होट केलं, तिला किती प्राउड वाटत होतं. माझ्याकडे पाहून म्हणाली, "हो ना बाबा?" मी मान हलवली. म्हणजे पुन्हा खोटं बोललो, या वेळी शैलाच्या फोटोसमोर.

मतं चोरीला जातात, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. माझ्या माहितीत चोरीला गेलेलं मत एकच आहे. परवा मी राज्याच्या वेबसाइटवर तिचं नाव टाकून पाहिलं — यादीतून अजून काढलेलं नव्हतं. पाकीट मिळालं, सही अमान्य, मत मोजलं नाही. शैलानं या देशात कधी मत दिलं नाही, असं ती नोंद सांगते, आणि नोंद बरोबर आहे. तिनं दिलेलं मत मी मोजू दिलं नाही.